अंगणात घेतलेलं नाव

हिवाळी घर, बायान-उल्गी
५ डिसेंबर २००१

झानिम, माझ्या जिवाच्या मानाश,

तुला, गुलझानला आणि छोट्या एल्दोसला थोरल्या बहिणीचा मनापासून सलाम. तुमची गुरंढोरं आणि माणसं खुशाल आहेत ना? चौथ्या मजल्यावरच्या घरात तू काय कपाळ पाळणार हे मला ठाऊक आहे, पण आधी गुरांचं विचारायचं आणि मग माणसांचं ही आपली रीत, ती मी सोडणार नाही. तुझी ती पांढरी गाडी खुशाल असो.

इकडे लांडग्याने दोन मेंढ्या नेल्या. काळी घोडी गाभण आहे. तुझ्या दाजींची पाठ थंडीने धरलीय आणि ते ती सगळ्या गावाला दाखवत फिरतायत. हिवाळ्याचा घोडा कापला. तुझा वाटा दरवर्षीसारखा बाजूला काढून, मीठ लावून पेटीत ठेवलाय. या वेळी तो मी काढला.

पत्र घेऊन सागिंदिक मामा येतायत. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले असतील, त्यांची फजिती नंतर कधीतरी विचार. त्यांना दारात ताटकळत ठेवून वाचू नकोस. आत घे, जाड गादीवर बसव, चहा दे. पण त्यांच्याशी बोलायला बसण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मामांना वाटतंय यात नुसती खुशाली आहे. एक गोष्ट लिहायची नाही असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय. मी तो मोडणार नाही. तुला माहीत आहे, आपल्या घरातल्या बायका शब्द मोडत नाहीत, फक्त त्याच्या कडेकडेने चालतात.

तुझं ऑगस्टमधलं पत्र मिळालं होतं. सही केल्यावर, खाली, वेगळ्या पेनाने तू एक ओळ लिहिली होतीस: ‘आपा अजून रागावली आहे का?’ मी उत्तर दिलं नाही, कारण मला खरंच ठाऊक नव्हतं. आपाच्या, आपल्या आईच्या, तोंडाकडे बघून कोणाला कधी काही कळलंय? आता ठाऊक आहे. तेच सांगायला बसलेय, पण माझ्या पद्धतीने सांगेन. घाई करून शेवटचं पान आधी उलटू नकोस, तुला लहानपणापासून ती खोड आहे.

तू गेलास ती सकाळ काही मी पुन्हा उगाळत नाही. एवढंच, की तू म्हणालास, “धाकट्यानेच चूल सांभाळायची हे कोणी ठरवलं? मी काय जन्मभर या मातीच्या भिंती चाटत बसू?” आपा कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. तू समोर उभा असताना ती माझ्याकडे वळून म्हणाली, “कुलाश, ऐकून ठेव. या छताखाली मी पुन्हा त्याचं नाव घेणार नाही.” आणि तूही तिच्याच पोटचा. आशीर्वाद न घेता ट्रकमध्ये चढलास.

आठ वर्षं तिने नाव घेतलं नाही. तुझा विषय निघालाच तर ‘तिकडचा’ म्हणायची. तुझा मांसाचा वाटा मात्र दर हिवाळ्यात निघायचा. मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, “त्यात राग-लोभ काही नाही, रीत आहे. तुझ्या नवऱ्याने नजर लावू नये म्हणून पेटीला कुलूप लाव.”

आणखी एक सांगते, जे मी तुला कधी लिहिलं नव्हतं, कारण मला ते कळलंच नव्हतं. तुझं पत्र आलं की आपाला लगेच बाहेरचं काम सुचायचं. “चल, शेण्या आणूया.” “चल, कुंपण बघूया.” मग शेण्यांच्या ढिगापाशी वाऱ्यात उभी राहून मी वाचायची आणि ती शेण्या उगाच इकडच्या तिकडे करायची. माझी बोटं गोठायची. “आपा, आत बसून वाचू की.” “आत धूर आहे,” म्हणायची. धूरबीर काही नसायचा. मला वाटायचं, म्हातारी चक्रम झालीय.

आता त्या रात्रीचं.

रोजे सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. शाळेत इंग्रजी शिकवणारी आयनूर परदेशातली चार माणसं घेऊन आली. आपल्या घरामागे जे सपाट मैदान आहे, तिथे रात्री झोपायला परवानगी द्याल का, म्हणाली. जवळ दिवे नकोत आणि आभाळ मोकळं हवं, एवढंच त्यांचं मागणं. दाजी हो म्हणाले. आपाने खिडकीतून बघितलं, तर ते लोक जमिनीवर गाद्या पसरून स्लीपिंग बॅगा टाकत होते. तिचा पारा चढला.

“घरात जागा नाही असं कोणी सांगितलं यांना? उद्या गाव म्हणेल, पाहुण्यांना मेंढ्यांसारखं बाहेर झोपवलं!”

आयनूर हसून म्हणाली, “आजी, त्यांना बाहेरच हवंय. आज रात्री खूप तारे पडणार आहेत. ते बघायला आलेत.”

“मुद्दाम? बघायला?”

“हो ना. विमानं बदलत बदलत आलेत.”

“आणि आज पडणार हे यांना आधीच कळलं?”

“वेळेसकट, आजी.”

आपाने हातातली किटली खाली ठेवली. मग हळूच विचारलं, “खूप म्हणजे किती?”

आयनूर बिचारी कौतुकाने सांगत होती. “हजारो! पावसासारखे!”

मानाश, आपाचा चेहरा मी तेव्हा बघितला. तुला आठवतं, उन्हाळ्यात आपण गवताच्या गंजीवर झोपायचो? तारा निखळला की लगेच म्हणायचं, ‘माझा तारा उंच आहे.’ नाहीतर पडणारा तारा आपलाच ठरतो आणि आपण त्याच्यामागे जातो. एकदा तू न म्हणताच झोपलास, तेव्हा आपाने तुला दंडाला धरून उठवलं होतं. झोपेत तू म्हणालास, ‘माझा घोडा उंच आहे,’ आणि बाबा हसता हसता गंजीवरून खाली आले. आपा हसली नव्हती. तुझ्याकडून नीट म्हणवून घेतल्याशिवाय तिने तुला आडवं होऊ दिलं नाही. तिच्यासाठी तो खेळ कधीच नव्हता. आणि आता ही मास्तरीण तिला सांगत होती, की आज हजारो.

आपाने हातपाय धुतले, नमाज पढली. मग बाबांचा लांडग्याच्या कातड्याचा कोट काढला, बसायचा लोकरीचा नमदा काखेत मारला आणि बाहेर निघाली. मी म्हटलं, “कुठे?” तर म्हणाली, “म्हणणारं कोणीतरी हवं ना.”

थंडी अशी, की पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. पाहुणे बॅगांमध्ये नाकापर्यंत शिरून पडले होते. त्यांच्यात मार्ता नावाची एक बाई होती, माझ्याच वयाची. तिच्या तोंडाशी एक छोटा टेपरेकॉर्डर. तारा सरकला की ती त्यात पुटपुटायची. कितवा, केवढा, असं काहीतरी. पुन्हा तारा, पुन्हा पुटपुट. आपा तिच्याकडे बघतच राहिली.

“बघ कुलाश, ही शहाणी आहे. प्रत्येकाचं नाव घेतेय. केवढं घराणं असेल गं तिचं!”

आयनूर सांगायला तोंड उघडत होती. मी तिला चिमटा काढला. आपाने नमदा मार्ताच्या शेजारीच अंथरला. बर्फ पातळच होता, पण खालची जमीन लोखंड झाली होती. दोघी जणी शेजारी शेजारी, एक आडवी, एक बसलेली, आणि दोघींची पुटपुट सुरू. मार्ताला वाटलं, आजीही मोजतेय. तिने खूश होऊन आपाला स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली. आपाने एक घोट घेतला आणि म्हणाली, “कडू आहे, पण बाई मनाने चांगली आहे.”

सुरुवातीला आपा सगळ्यांचं म्हणत होती. माझा तारा उंच आहे. कुलाशचा उंच आहे. जावयाचा उंच आहे. मग मध्यरात्र टळली आणि ते खरंच सुरू झालं. कसं सांगू? एकदम चार, मग सात, मग मोजायची सोयच राहिली नाही. काही हिरवे, जाताना मागे धुराची रेघ ठेवून जाणारे. एक तर असा फुटला की आमच्या सगळ्यांच्या सावल्या बर्फावर पडल्या आणि फिरल्या. आणि आवाज नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. एवढं सगळं कोसळतंय आणि कुठे आवाज नाही. कुत्रा कुंपणाशी अंग चोरून बसला होता. मार्ता आणि तिची माणसं आनंदाने ओरडत होती. मला मात्र कोणीतरी घराघरातून माणसं उचलून नेतंय असं वाटत होतं.

आपाची जीभ पुरेना. तेव्हा ती माझ्याकडे वळली. “तू तुझ्या घरच्यांचं बघ. तुम्ही इथे आहात, तुम्हाला तोंडं आहेत. मी माझ्या मानाशचं बघते.”

तिने तुझं नाव घेतलं. आठ वर्षांनी. मला आधी वाटलं, माझेच कान वाजले.

“मानाशचा तारा उंच आहे. मानाशचा तारा उंच आहे.” थांबणं नाही. दोन ताऱ्यांच्या मध्ये श्वास घ्यायची तेवढाच. मी म्हटलं, “आपा, तो मोठा झाला, स्वतःचं स्वतः म्हणेल.”

“तो कसला म्हणतोय! तिथे रात्रभर दिवे जळतात म्हणे. त्याला पडलेला दिसणार तरी आहे का? झोपला असेल घोरत. बायको शहरातली, तिला कोणी शिकवलंय? आणि त्याचा पडला तर?”

मी वाद घातला नाही. पण तिचे ओठ निळे पडायला लागले होते. मी म्हटलं, “बरं, त्याचं म्हण. पण आत बसून म्हण. खिडकी मोठी आहे, चूल पेटवून देते, खिडकीतून सगळं दिसतं.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी मठ्ठच जन्मले. “या छताखाली त्याचं नाव घेणार नाही असं म्हटलंय ना मी?”

“मग आता घेतेस ते?”

“हे अंगण आहे,” आपा म्हणाली.

मानाश, तेव्हा मला शेण्यांचा ढीग आठवला. कुंपण आठवलं. आत नसलेला धूर आठवला. आठ वर्षं ती बाई स्वतःच्याच शब्दाच्या कडेला उभी राहून तुझी खबर ऐकत होती, आणि मी तिला चक्रम म्हणत होते. मला रडू आलं, आणि रागही आला. तुझ्यावर, तिच्यावर, सगळ्यांवर. दाजी बाहेर आले, दोघांनी मिळून तिला उचलायला बघितलं. तिने दाजींच्या हातावर चापट मारली. “पाहुण्यांसमोर तमाशा नको. तारे थांबले की मी उठते.”

तारे पहाटेच्या सहरीच्या वेळेपर्यंत थांबले नाहीत. ती उठली नाही. मी तिच्यावर घरातली सगळी पांघरुणं टाकली, गरम चहा पाजला, पाय माझ्या मांडीत घेतले. पाय थंड नव्हते, ते पाय राहिलेच नव्हते. उजाडताना शेवटचा एक बारीक तारा डोंगरामागे गेला, त्याच्यामागेही तिने तुझं नाव धाडलं, आणि मग म्हणाली, “झालं. गेली रात्र. तो आहे.” मार्ताने तिला मिठी मारली. तिला अजूनही वाटत होतं, आजीने विक्रम केला.

(इथे काल दिवे गेले म्हणून सोडलं होतं. आज दुपारी पुढे लिहितेय. बरंच झालं. यापुढचं मला रात्री लिहवलं नसतं.)

दोन दिवसांनी तिला ताप भरला. छातीत घरघर. डॉक्टर आला, सुया दिल्या, घोड्याच्या चरबीने मी छाती चोळली. ती घरात होती, म्हणून तुझं नाव नाही. तापात बाबांशी बोलायची, तिच्या मेलेल्या बहिणीशी बोलायची, एकदा तर मार्ताला हाक मारून म्हणाली, “तुझे सगळे राहिले का गं?” पण त्या बरळण्यातसुद्धा ‘तिकडचा’. तापाने माणसाची शुद्ध जाते. आपल्या आईची शपथ नाही जात.

मग एका दुपारी डोळे उघडले, अगदी स्वच्छ, आणि म्हणाली, “मला बाहेर न्या.” मी म्हटलं, “वेड लागलंय का?” दाजींनी आपली ती पाठ घेऊन तिला लहान मुलासारखं उचललं आणि अंगणात नेलं. लख्ख ऊन होतं. आभाळ निळं, त्यात काहीही नाही. ती बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, “मानाशचा तारा उंच आहे.” भर दुपारी. मग दाजींना म्हणाली, “चल, आता आत ने.”

त्यानंतरचं मी लिहिणार नाही. शब्द दिलाय.

ती जिथे बसली होती, तिथे बर्फात खड्डा आहे. नमद्याच्या आकाराचा, मध्ये गुळगुळीत. तेव्हापासून नवीन बर्फ पडलेला नाही. कुत्रा रोज संध्याकाळी त्याच्या कडेला जाऊन बसतो, आत पाय ठेवत नाही. मीही ठेवत नाही. रात्री मी पडदे लावून घेते. चुलीत शेणी तडकली तरी बाहेर कोणी पुटपुटतंय असं वाटतं, आणि मी कान देऊन ऐकते. परवा चक्क विचारलं, “आपा, थंडी नाही ना वाजत?” दाजी जागे होते. ते म्हणाले नाहीत की कोणाशी बोलतेस. म्हणाले, “कोट आहे तिच्या अंगावर.” कोट तर खुंटीला आहे, मानाश.

एक वस्तू मामांच्या पिशवीत आहे. मार्ताने आपले आकडे कागदावर उतरवून घेतले आणि ती कॅसेट आयनूरपाशी ठेवून गेली. ‘हिच्यात माझ्यापेक्षा आजीच जास्त आहे,’ म्हणाली. मी ती एकदा ऐकली. एकदाच. परक्या भाषेतला आकडा, मग तुझं नाव. आकडा, तुझं नाव. माझं एकदा आहे, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. मी शेवटपर्यंत कान लावून बसले होते की ती मधूनच एकदा तरी स्वतःचं म्हणेल. सुरुवातीला म्हणते. तारे वाढल्यावर नाही.

आज ती ऐकू नकोस. आज नको. गुलझान घरी असेल तेव्हा ऐक, आणि एल्दोसला मांडीवर घे. आजीचा आवाज त्याने कुठे ऐकलाय?

मी तुला दोष देत नाही. थोडा देते. आठ वर्षांत एकदा येऊन अंगणात उभा राहिला असतास तर तिला छताबाहेर जाण्यासाठी तारे पडायची वाट बघावी लागली नसती. पण तिनेही ते छत आपल्याच हाताने तुझ्या-तिच्या मध्ये घातलं होतं, आणि मी मूर्ख, मला दिसलं नाही. तेव्हा दोष वाटून घे, सगळा एकट्याने खाऊ नकोस. तुझा मांसाचा वाटा पेटीत आहे. या महिन्यात ये. चाळीसाव्या दिवसाला तरी

नाही. हे खोडते. मामांना दाखवू नकोस.

तू विचारलं होतंस, आपा अजून रागावली आहे का. होय. घरात. अंगणात नाही.

आता पत्र बाजूला ठेव आणि मान वर कर. मामा समोर बसले असतील, पेला हातात घेऊन, तुझ्याकडे न बघता. बाबा गेले तेव्हा वसतिगृहात तुला सांगायला हेच मामा आले होते, आठवतं? कुठल्याशा काळ्या घोडीची गोष्ट त्यांनी तासभर लांबवली होती, आणि तू ओरडला होतास, “सरळ सांगा ना!” आपल्यात ते सरळ सांगत नाहीत. सरळ सांगितलेलं माणसाच्या छातीत घुसतं, म्हणून मोठी माणसं ते हळूहळू समोर आणून ठेवतात. मामांनी विमानात सारी वाट मनात जुळवणी केली असेल. म्हातारा माणूस आहे, त्याचीही ती थोरली बहीण.

या वेळी गोष्ट घोडीची असेल नाहीतर गरुडाची असेल. त्यांना पुन्हा चहा ओत. गुलझानला जवळ बसव. आणि मध्ये तोडू नकोस. तुला कळलंय हे त्यांना दिसू देऊ नकोस. त्यांना पूर्ण सांगू दे.

मानाशचा तारा उंच आहे. हे म्हणायचं काम आता माझ्याकडे आलंय.

अंगणातून,
तुझी थोरली
कुलाश